परदेशात दिवस राहिलेत? पहिल्या सोनोग्राफीआधी हे वाचा

नव्या देशात टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच सोनोग्राफी करून घ्यावीशी वाटते. घरचं कुणी जवळ नसतं, आणि दवाखान्यातून 'अजून थोडं थांबा' असं उत्तर येतं. नव्याने आलेल्या मुलींबरोबर मी दुभाषी म्हणून जाते, म्हणून आग्रहाने सांगते: ही टाळाटाळ नसते. फार लवकर केलेल्या तपासणीने जिवाला घोरच लागतो.

दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून. योनीमार्गातून तपासलं तर पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची पिशवी दिसते, सहाव्याच्या आसपास ठोके. पोटावरून हेच दिसायला आणखी आठवडाभर लागू शकतो. पाळी अनियमित असेल, तर तुमच्या हिशेबातले सात आठवडे प्रत्यक्षात साडेपाचच असू शकतात. तेव्हा 'ठोके दिसत नाहीत' ऐकून लगेच खचून जाऊ नका. रिपोर्टमध्ये 'सीआरएल' असं लिहून पुढे आकडा असतो. ती गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी. योनीमार्गाच्या तपासणीत ती ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर ठोके नाहीत एवढ्यावरून गर्भ गेला असं ठरवत नाहीत, किमान आठवड्याने पुन्हा बघतात. तो आठवडा फार जड जातो, पण घाईने निर्णय होण्यापेक्षा तो काढलेला बरा.

मात्र पोटात एका बाजूला दुखत असेल, रक्त जात असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिलेला असू शकतो, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. भाषेचं, विम्याचं नंतर बघता येईल.

आतून तपासणार म्हटल्यावर पुष्कळजणी संकोचाने गप्प होतात. स्त्री कर्मचारी हवी असं सांगा, दुभाषी मागा. नवऱ्यानेच सगळं बोलायचं असं नाही. मशीन चालवणारी व्यक्ती बऱ्याचदा डॉक्टर नसते. ती काही बोलली नाही म्हणजे वाईटच बातमी आहे असं धरू नका.

रिपोर्टची प्रत जपून ठेवा. प्रसूतीची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या मापावरून सर्वांत नेमकी ठरते, आणि जुळी असतील तर वार एक की दोन हेही याच काळात नीट कळतं. बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं माप (डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाची शक्यता त्यावरून जोखतात) ११ ते १४ आठवड्यांतच घेतात, तेव्हा त्याची तारीख आधीच मागून ठेवा.