लाकूड घासताना उडणारी धूळ खाली ओढणारे टेबल घरी कसे बनवावे

रंध्याचा भुसा जमिनीवर पडतो आणि झाडूने गोळा करता येतो. पॉलिश पेपरने निघालेली बारीक पूड मात्र हवेत तरंगत राहते आणि काम थांबल्यावर तासाभराने पंख्याच्या पात्यांवर व खिडकीच्या गजांवर सापडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ नाकातील व सायनसमधील कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवली आहे. त्यामुळे घराच्या एखाद्या खोलीत किंवा बंदिस्त गॅलरीत सुतारकाम करणाऱ्याने ही पूड उडण्याआधीच खाली खेचून घेणारे टेबल करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

हे टेबल म्हणजे वरून सच्छिद्र आणि बाकी सर्व बाजूंनी हवाबंद अशी एक उथळ पेटी असते. ती किती मोठी असावी, हे हौसेवर नव्हे तर हवा ओढणाऱ्या यंत्रावर ठरवावे. टेबलाच्या प्रत्येक चौरस फुटामागे मिनिटाला निदान १५० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे, असा हिशेब धरावा. पेटीचे आतले माप ६०० × ४५० मिमी ठेवले, तर क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस फूट होते आणि मिनिटाला ४५० घनफूट हवा लागते. एक अश्वशक्तीचा, पिशवी लावलेला डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून साठवणारे यंत्र, ही गरज जेमतेम भागवतो. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जोरकस असली तरी त्यातून जाणारी हवा थोडी असते, त्यामुळे त्याच्यावर मोठ्या वहीएवढेच टेबल चालते. माझ्या पहिल्या टेबलाला मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला होता. मोकळ्या हवेत तो झकास फिरत असे. पेटी आणि फिल्टर जोडताच त्याचा आवाज तेवढा राहिला आणि ओढ नाहीशी झाली.

पेटीच्या बाजू १८ मिमी, म्हणजे सहा सुती प्लायच्या कराव्यात. तळ सपाट न ठेवता ६ मिमी प्लायचा उतरता बसवावा: पुढच्या बाजूला खोली ६० मिमी आणि मागे २०० मिमी. मागच्या फळीच्या मध्यावर, तळालगत, ११० मिमी पीव्हीसी पाइपसाठी भोक पाडावे. सर्व सांधे फेव्हिकॉल व स्क्रूने जोडून आतून सिलिकॉनने लिंपावेत, कारण जेवढी हवा फटींतून आत शिरेल तेवढी वरून कमी येईल.

वरच्या १२ मिमी प्लायच्या फळीवर गुण्या (सुताराचा काटकोन) लावून ४० मिमी अंतराच्या आडव्या-उभ्या रेघा आखल्या, की १४ × १० म्हणजे १४० भोकांच्या जागा मिळतात. प्रत्येक भोक १२ मिमीचे पाडल्यास एकूण उघडे क्षेत्र सुमारे १५,८०० चौरस मिमी भरते, तर पाइपचे आतले क्षेत्र साधारण ८,५०० असते. हे जवळपास दुप्पट माप मुद्दाम ठेवले आहे: घासायची वस्तू ठेवल्यावर निम्मी भोके झाकली, तरी उरलेली पाइपला पुरतात. ड्रिल करताना फळीखाली टाकाऊ लाकूड दाबून धरावे, म्हणजे खालच्या बाजूने पापुद्रे निघत नाहीत. नंतर प्रत्येक भोकाची धारदार कड वरून किंचित घासून मोडावी, नाहीतर मऊ लाकडावर ओरखडे उठतात. ही फळी पेटीला ठोकू नये. दाराच्या फटीला लावतात तसल्या फोमच्या पट्टीवर ती नुसती टेकवावी, म्हणजे उचलून आत साफ करता येते.

यंत्र सुरू करून पेटलेली उदबत्ती फळीपासून चार बोटे वर एकेका कोपऱ्यात धरावी. मागे पाइपजवळ धूर ताडकन खाली वळतो आणि पुढच्या कोपऱ्यात रेंगाळतो, असे बहुतेक वेळा दिसते. अशा वेळी मागच्या ओळीतली काही भोके चिकटपट्टीने बुजवत जावे आणि धूर सगळीकडे सारखा ओढला जाईपर्यंत तपासावे. कपाटाच्या दारासारखी सपाट वस्तू थेट फळीवर ठेवली तर भोके गुदमरतात. ती २० मिमी उंचीच्या, रबर चिकटवलेल्या ठोकळ्यांवर ठेवावी. मागे आणि दोन्ही बाजूंना ३०० मिमी उंचीच्या फळ्या उभ्या केल्यास पंख्याच्या वाऱ्याने भरकटणारी धूळही हाती लागते. सँडरला, म्हणजे घासायच्या विजेच्या यंत्राला, स्वतःची नळी असेल तर तीही जोडावी, आणि एन-९५ मास्क काढू नये, विशेषतः एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेली फळी) घासताना.

टेबल वापरात आल्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुन्या सागवानी दाराला घासण्याआधी त्यातले खिळे शोधून उपटावेत आणि या टेबलावर लोखंड कधीही घासू नये, कारण सँडरखाली उडालेली ठिणगी पाइपमधून सरळ कोरड्या पुडीने भरलेल्या पिशवीत जाते आणि तिथे ती कितीतरी वेळ धुमसत राहू शकते. मी पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करतो आणि ती पूड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवतो.