स्टॉक कार: स्टिअरिंगवरून शेजारच्या सीटवर

मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आलो तेव्हा माझी समजूत होती, की ज्याला गाडी पळवता येते त्याला ती शिकवताही येते. सात सीझन रेस करून स्टॉक कार (नेहमीच्या गाडीसारखी दिसणारी रेसिंग गाडी) शिकवणाऱ्या स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर झालो आणि पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, "ब्रेक नेमका कधी सोडायचा?" माझा पाय ते वर्षानुवर्षं करत होता, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या रात्री वहीत एकेक वळण लिहून काढलं. ती वही अजून वापरतो.

या लाइनमध्ये यायचं म्हणणाऱ्या आपल्या मुलांना माझं पहिलं सांगणं, मोठ्या गाडीपासून सुरुवात करू नका. शार्लटजवळ हॅरिसबर्गला लेजंड्स कार बनतात. जुन्या काळच्या गाड्यांसारखी दिसणारी फायबरग्लासची छोटी बॉडी आणि आत यामाहाच्या मोटरसायकलचं इंजिन. उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेवर पाव मैलाच्या ट्रॅकवर त्यांच्या शर्यती होतात. मी तिथेच घडलो. पुढे लेट मॉडेल, म्हणजे पूर्ण आकाराची स्टॉक कार चालवली, तेव्हा पगार टायरमध्येच जायचा. एका वर्षी स्पॉन्सरने मध्येच हात काढून घेतला आणि सीझन अर्ध्यावर सोडावा लागला. विद्यार्थी व्हिसावर असाल तर बक्षिसाच्या रकमेला हात लावण्याआधी वकिलाला विचारा.

"नुसतं डावीकडे तर वळायचं!" असं घरचे म्हणतात, कारण ट्रॅक लंबगोल आणि सगळी वळणं डावीकडेच. स्पीडवेचा मोठा ट्रॅक दीड मैलाचा, वळणांवर २४ अंशांचा उतार. आमच्या लेट मॉडेलला उजवीकडचे टायर डावीकडच्यांपेक्षा मोठ्या घेराचे लावायचो, त्यामुळे सरळ पट्ट्यातही गाडी डावीकडे ओढायची. टायर झिजले, ट्रॅक तापला की तीच गाडी वेगळी वागते. कधी 'लूज' होते, म्हणजे मागचा भाग बाहेर सुटतो. कधी 'टाइट', म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही. "गाडी बरोबर नाही" एवढ्यावर क्रू चीफ, म्हणजे गाडीची जुळवणी बघणारा प्रमुख, काय करणार? वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, कुठे काय झालं ते सांगता आलं पाहिजे. मी प्रत्येक सेशननंतर विद्यार्थ्यांना हेच विचारतो.

एका विद्यार्थिनीची गाडी दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना दरवेळी भिंतीकडे सरकायची. गाडी टाइट आहे, असं तिचं म्हणणं. मी शेजारी बसलो. गाडी ठीक होती, पण तिची हनुवटी भिंतीकडे वळत होती. डोळे जिकडे, हात तिकडे. स्टिअरिंग तिने इतकं आवळलं होतं की ग्लोव्हची शिवण ताणली गेली होती. मी एवढंच म्हणत राहिलो, "लांब बघ, पट्ट्याच्या टोकाला बघ." तिसऱ्या फेरीत भिंत लांब राहिली आणि बोटं सैल झाली. स्वतः जिंकलेल्या कुठल्याही रेसपेक्षा मला तो दिवस जास्त आठवतो.

शिकवणं म्हणजे रेसिंग न जमलेल्यांचं काम, असं मानू नका. १९५६ आणि १९५७ असे सलग दोनदा नॅसकार (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणारी मुख्य संस्था) चॅम्पियन झालेले बक बेकर यांनी पुढे याच राज्यातल्या रॉकिंगहॅमला ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. जेफ गॉर्डन १९९० मध्ये तिथेच पहिल्यांदा स्टॉक कारमध्ये बसले आणि नंतर चार वेळा चॅम्पियन झाले.

आम्हा इन्स्ट्रक्टरांना पैसे दिवसावर मिळतात. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या टायरवर ओल्या लंबगोल ट्रॅकवर गाडी सोडत नाहीत, म्हणून पाऊस आला की दिवस बुडाला. मी आठवड्याचे तीन दिवस वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनचं काम करतो. तुम्हीही हातात दुसरं काम ठेवा.

स्कूलमध्ये कामाला शिरायचा रस्ता पिट रोडवरून, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवून तयार करतात त्या पट्टीवरून जातो. सुरुवातीची कामं तिथलीच. टायरची हवा बघणं, विद्यार्थ्याला खिडकीतून आत बसवणं, पट्टे आवळणं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांचा अपघातात मृत्यू झाला, त्याच वर्षी नॅसकारने डोकं-मान सांभाळणारं साधन सक्तीचं केलं. हेल्मेटला अडकवलेले त्याचे दोन्ही पट्टे ओढून बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. मागे कितीही रांग असो, कोणी कितीही घाई करो.