कॉपीचा वेग ११ वरच का अडकतो? घरच्या स्टोरेजची तपासणी अशी करा

घरातले फोटो, स्कॅन केलेले सातबारे, पोरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून मी एनएएस घेतला. एनएएस म्हणजे राउटरला जोडायचा, पोटात हार्ड डिस्क असलेला डबा. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यातल्या फाइली उघडता येतात. डबा नवा, डिस्क नवी, आणि कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबी! १० जीबीच्या फोल्डरला पंधरा मिनिटं. मी दोन दिवस डिस्कला शिव्या घातल्या. दोष निघाला केबलचा.

आधी बिट आणि बाइट वेगळे करा. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात (छोटा बी), फाइलचा आकार बाइटमध्ये (मोठा बी). ८ बिटांचा एक बाइट. म्हणून १००० एमबीपीएसच्या (सेकंदाला १००० मेगाबिट) पोर्टमधून, म्हणजे केबल खोचायच्या खाचेतून, सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. १०० एमबीपीएसला हाच हिशेब लावला की साडेबारा येतात, हातात पडतात ११. तो आकडा दिसला की डिस्क उघडायला जाऊ नका.

आता विंडोज ११मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्कमध्ये, तिथून इथरनेटमध्ये जा आणि 'लिंक स्पीड' बघा. १००० ऐवजी १०० दिसत असेल तर केबल बदलून पाहा. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १००ला दोनच पुरतात, १०००ला चारही लागतात. माझ्या केबलच्या टोकाला तपकिरी तार नीट बसलीच नव्हती. १००ला ती तार लागतच नाही, त्यामुळे नेट व्यवस्थित चालत होतं आणि संशय यायला जागाच नव्हती. नवी केबल घेताना तिच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं बघून घ्या. तरीही १००च दिसलं तर राउटरचे पोर्ट तपासा. स्वस्त राउटरना बऱ्याचदा १००चेच पोर्ट असतात.

नेटवर्क सुधारलं की मगच डिस्ककडे वळा. साधी फिरती हार्ड डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला दीडशे एमबीने सहज देते, म्हणजे गिगाबिट (१००० एमबीपीएस) नेटवर्कला पुरून उरते. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिचा साटा हा जुना प्रकार साडेपाचशेच्या घरात जातो, एनव्हीएमई हा नवा प्रकार हजारांत. असली महागडी एसएसडी एक गिगाबिटच्या एनएएसमध्ये घालणं म्हणजे बोळात रेसची गाडी. ती लॅपटॉपमध्ये घाला, तिथे फरक लगेच कळेल. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १०००च्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, एवढंच.

दुकानात 'सॅन' हा शब्द कानावर येईल. एनएएस फाइली देतो, सॅन सर्व्हरला नेटवर्कवरून जणू कोरी डिस्कच देतो. ते डेटा सेंटरचं काम, घरी विसरा.

शेवटी रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत. रेड १मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. एक मेली तरी काम थांबत नाही. पण फाइल चुकून उडवली तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून उडते, म्हणून हा बॅकअप नव्हे. तिसरी, यूएसबीची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. पहिल्याच महिन्यात एखादी बिनमहत्त्वाची फाइल मुद्दाम उडवा आणि त्या डिस्कवरून परत आणून पाहा.