साप चावल्यावर घरचे मांत्रिकाकडे निघाले, तर काय करावे

रात्री साप चावतो आणि घरातील वडीलधारी मंडळी 'आधी देवळात नेऊ, विष उतरवून घेऊ' म्हणतात, तेव्हा देव खरा की खोटा हा वाद चुकूनही काढू नये, कारण त्या वादात जाणारा वेळ रुग्णाचा असतो. एकीकडे 108 ला फोन लावावा आणि दुसरीकडे शांतपणे सांगावे, "आजी, अंगारा लावा, नवस बोला, पण गाडीत बसून." मी पाहिलेल्या एका आजीने वाटभर अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून जप केला; त्याने उपचाराला काहीच अडथळा आला नाही.

मांत्रिकाकडे माणसे बरी होतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून त्याचे कारण समजावून द्यावे. धामण, दिवड बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. अशा वेळी श्रेय मंत्राला मिळते. कडुनिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष उतरले, ही परीक्षा तर जिवावर बेतणारी आहे. मण्यार चावल्यावर बहुधा वेदना नसते, सूजही नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि श्वास थांबू शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर उतारा एकच, शिरेतून दिली जाणारी प्रतिसर्पविष लस.

गाडी येईपर्यंत अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालवू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये.

एवढे करूनही कोणी वाट अडवलीच, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव घ्यावे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आहे. मात्र हे शेवटी बोलावे; पोलिसांचे नाव आधी निघाले की घाबरलेले घर दार लावून घेते.

दवाखान्यात साप चावल्याची वेळ सांगावी, आणि वाटेत कोणी झाडपाला पाजला असेल तर तोही लाजेपोटी लपवू नये.