'टेन्शन आलंय' म्हणताना या चुका टाळा

ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणाचंही फोनवरचं बोलणं कानावर येऊ द्या, त्यात 'टेन्शन' असतंच. हप्त्याचं टेन्शन, सासूबाईंच्या ऑपरेशनचं टेन्शन, मॅच हरायला आली तरी टेन्शनच. शब्द इंग्रजी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून काही उमगत नाही, ही पहिली चूक.

मुलगी हॉस्टेलला गेली आणि घरात करमेना, ती हुरहुर. नोकरी सोडावी की नाही म्हणून रात्रभर कूस बदलणं, ती घालमेल. उद्या रिझल्ट, म्हणून धाकधूक. साहेबांचा फोन वाजला की पोटात गोळा, ती धास्ती. हुरहुर लागलेल्याजवळ नुसतं बसलं तरी पुरतं. घालमेल असेल तर दोन्ही बाजू बोलून मोकळ्या कराव्या लागतात. आणि 'टेन्शन नको घेऊस' हे उत्तर तर नकोच. हौसेनं कोण घेतं? त्यापेक्षा 'कसलं?' एवढं विचारा.

दुसरं टोक म्हणजे जरा मन खट्टू झालं की 'डिप्रेशन'. डॉक्टर नैराश्य म्हणतात ते उदासी किंवा कशातच रस न वाटणं किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली तर. शब्द असा स्वस्त केला की खऱ्या आजाऱ्याला 'आम्हालाही होतं रे' ऐकावं लागतं.

घरातली मोठी माणसं मनाचं नाव घेत नाहीत. आई म्हणते, 'जीव कासावीस होतोय, अंगात त्राण नाही.' गॅसची गोळी देऊन मोकळे होऊ नका. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर तडक हॉस्पिटल. एरवीही तपासण्या करा. थायरॉइड कमी पडलं तरी असा थकवा, उदासी येते. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून 'तुला काही झालेलं नाही' म्हणू नका. मग मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आम्ही ठाणेकरही करतो. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, विनोदही जुनाच. तिथे ओपीडी आहे, केसपेपर काढून, दाखवून लोक घरी जातात, हे मात्र कुणी सांगत नाही.

'आता सुटलो तर बरं' असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 लावा. ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवरून मदत करणारी सरकारी मोफत सेवा मराठीतही, चोवीस तास चालते.