जहाज धक्क्याला लागल्यावर: गस्तीवरून आलेल्या माणसाला घरात कसं घ्यावं

आमचे हे तटरक्षक दलात प्रधान नाविक आहेत. लग्नाला सोळा वर्षं झाली. आम्ही करी रोडला दोन खोल्यांत राहतो, सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. वीस-बावीस दिवसांची सेलिंग, म्हणजे समुद्रावरची फेरी असते, कधी जास्त. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली मला विचारतात की माणूस परत येतो तेव्हा नेमकं काय करायचं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट तारखेची. ती मुलांना सांगू नका. जहाज परतीच्या वाटेवर असतं आणि कुठे तरी मच्छीमार बोटीचं इंजिन बंद पडतं किंवा कोणी आजारी होतं, की जहाज तिकडे वळतं. ते त्यांचं कामच आहे. आमची मुलगी चार वर्षांची असताना मी तिला ‘रविवारी बाबा’ सांगून बसले. त्या रविवारी ती नवा फ्रॉक घालून संध्याकाळपर्यंत दारात बसून होती. आता मी म्हणते, ‘बाबांचा फोन आला की कळेल.’ किनारा जवळ आल्यावर मोबाइलला रेंज येते आणि तेव्हा मेसेज पडतो. तारीख किंवा जहाजाचं नाव स्टेटसला टाकायचं नाही, बहिणीच्या ग्रुपवरसुद्धा नाही. जहाज कुठे आहे आणि कधी येणार, हे बाहेर जाता कामा नये.

जहाज लागलं म्हणजे माणूस घरी आला असं नसतं. काही जणांना ड्यूटीवर जहाजावरच थांबावं लागतं, तेव्हा ‘आज की उद्या’ हे आधी विचारून घ्या आणि मगच पीठ मळा. मी यांना सांगून ठेवलं आहे की सहाच्या गर्दीत सीएसएमटीवरून लोकल पकडू नका, उशीर झाला तरी चालेल. इतके दिवस तीच ती माणसं पाहिलेल्या माणसाला तो लोंढा अंगावर येतो.

जेवणात पहिल्या रात्री सुरमई तळायचा मोह आवरा. दिवस लांबत जातात तशी जहाजावरची पालेभाजी आधी संपते, मग राहतात कांदे, बटाटे आणि डाळी. मी लाल माठ करते, लसूण जरा जास्त घालून. बरोबर मऊ भात, वरण आणि लिंबू. मासे दुसऱ्या दिवशी. नातेवाइकांना तिसऱ्या दिवसाच्या आधी बोलवू नका, अगदी सख्ख्या नणंदेलाही नाही.

न्हाणीघरात एक स्टूल ठेवा. हसू नका, हे मी पाहिलेलं आहे. एकदा दार उघडं राहिलं होतं. यांनी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि दुसऱ्याच क्षणी डावा पंजा टाइल्सवर टेकला. पाय किंचित फाकवून उभे होते, जसे डेकवर उभे राहतात तसे. समुद्रावर राहून आलं की जमीन हलल्यासारखी वाटते. डोळे मिटले की जास्तच. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं थांबतं, पण आठवडे गेले तरी चक्कर राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

डांगरी, म्हणजे जहाजावर कामाला घालायचा जाडाभरडा पोशाख, आणि बाकीचे खारे कपडे आधी साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, साबणाशिवाय. मीठ निघाल्याशिवाय फेस येत नाही. डिझेलचा डाग असेल तर तो कपडा वेगळ्या बादलीत, आधी गॅलरीत वाऱ्यावर टाकून. घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये घालू नका.

झोपेचं सांगते. पहाटे चार ते आठचा वॉच, म्हणजे जहाजावरच्या पहाऱ्याची पाळी, करून आलेला माणूस घरीही साडेतीनला टक्क जागा होतो. ‘झोपा ना हो’ म्हणून मागे लागू नका. चहाचं सामान ओट्यावर काढून ठेवा, ते करून घेतील.

आता मुख्य गोष्ट, जी मला उशिरा कळली. सुरुवातीच्या वर्षांत हे आल्या-आल्या घर हातात घ्यायचे. मुलीची झोपायची वेळ का बदलली, डबे वरच्या फळीवर का नेले, आईच्या गोळ्या कोणी बदलल्या. मी तीन आठवडे एकटीने सगळं ओढलेलं असायचं, मग व्हायचा तो भडका व्हायचाच. अशाच एका भांडणानंतर मी विचारलं, ‘अहो, जहाजावर वॉच बदलतो तेव्हा असंच करता का?’ ते गप्प झाले. मग सांगायला लागले. रात्रीचा वॉच घ्यायला माणूस पंधरा मिनिटं आधी वर जातो. अंधाराला डोळे सरावेपर्यंत नुसता बाजूला उभा राहतो. लॉग, म्हणजे जहाजाची नोंदवही वाचतो, आजूबाजूला कोणत्या बोटी आहेत ते समजून घेतो. मगच म्हणतो की आता मी घेतला. तोवर हुकूम आधीच्या माणसाचाच.

तेव्हापासून आमच्याकडे फ्रिजवर एक दोनशे पानी वही असते. सिलिंडर कधी लावला, लाइट बिल किती आलं, सासूबाईंची बीपीची गोळी कोणत्या तारखेला बदलली, मुलीचं बाईंशी काय बिनसलं, मोरीतला नळ थेंबतो. रोज एक-दोन ओळी, जास्त नाही. हे आले की पहिले दोन दिवस फक्त वाचतात, विचारतात आणि बघतात. निर्णय माझा. तिसऱ्या दिवशी बसून ठरवतो की कोणतं काम कोणाकडे. मुलीलाही हाच नियम. ती आजीच्या मागे लपली तर तिला पुढे ढकलू नका, आणि ह्यांनाही सांगा की उचलून घ्यायची घाई नको. खाली बसून शेंगा सोलत राहिले की ती आपणहून येऊन टेकते.

समुद्रावर काय झालं ते खोदून विचारू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे तिथल्या कामगारांच्या राहण्याचं सपाट जहाज, बुडाला. २६१ माणसं होती त्यावर. नौदल आणि तटरक्षक दल दिवसरात्र शोधत होतं. हे परत आले तेव्हा एका शेजाऱ्याने दारातच विचारलं, ‘किती मिळाले हो?’ हे उठून गॅलरीत गेले. मी त्या गृहस्थांना चहा न देता वाटेला लावलं आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. चौथ्या रात्री फणसाचे गरे काढता काढता हे स्वतःच बोलले. लाटेवर नारंगी लाइफ जॅकेट दिसतं, जवळ जावं तर ते रिकामं असतं. एवढंच. मी हाताला तेल लावून गरे काढत राहिले. तुम्हीही हातात काही काम ठेवा, म्हणजे बोलणाऱ्याला समोर बघावं लागत नाही.

वही मात्र त्यांच्या हातात नीट द्या, टेबलावर टाकून नको. या खेपेला पाचव्या दिवशी सकाळी मी उघडली तर माझ्या ओळीखाली त्यांचं अक्षर होतं: ‘०४२० वाजता मोरीतल्या नळाचा वॉशर बदलला. थेंबत नाही.’