डोंगरातल्या गावाची माहिती कशी लिहायची, चिखलदऱ्यावरून सांगतो

भाच्याला शाळेतून प्रोजेक्ट आला, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची माहिती लिहून आणा म्हणून, अन् पोट्ट्यानं लोकसंख्या लाखाच्या वर लिहून टाकली. त्याला रागवायची सोय नव्हती, आकडा मीच फोनवर सांगितला होता. तो निघाला तालुक्याचा! शहर २००१ च्या जनगणनेत ४,७११ लोकांचं, २०११ ला पाच हजाराच्या थोडं वर, बस.

म्हणून आकडा घ्यायच्या आधी तो गावाचा की तालुक्याचा हे पाहा, अन् बाजूला वर्ष लिहाच. जनगणनेची जिल्हा पुस्तिका ऑनलाइन फुकट मिळते, पण त्यात खेडी वेगळी अन् शहरं वेगळी, आणि चिखलदऱ्याला नगरपरिषद आहे म्हणून ते शहरांत, मी अर्धा तास खेड्यांच्या यादीत शोधत बसलो होतो. अन् पावसाळ्यातला रविवार पाहून अंदाज बांधू नका बाप्पा, ती गर्दी अमरावती-अकोल्याची, कणसं खाऊन संध्याकाळी परतवाड्याकडे उतरते.

भूगोलात नुसतं "सातपुड्यात, गाविलगडच्या डोंगरात, उंची सुमारे १,१०० मीटर" लिहून थांबू नका. पाणी कुठं जाते ते शोधा. दक्षिणेकडचं पाणी चंद्रभागा-सापनमधून पूर्णेला जाते, उत्तरेला मेळघाटातली सिपना सरळ तापीला मिळते, अन् पूर्णाही शेवटी चांगदेवजवळ तापीतच जाते, म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजूंचं पाणी फिरून एकाच नदीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, नदीच्या निळ्या रेघेवर बोट ठेवून चालत गेलं की हे आपोआप दिसते, शिवाय कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, जिथं दाट तिथं कडा, जिथं विरळ तिथं पठार.

तोच नकाशा समोर ठेवून मग इतिहास लिहा. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ ला बांधला म्हणतात, पण माझ्या मते खरी गंमत डिसेंबर १८०३ ची आहे. दक्षिणेकडून किल्ला सरळ कड्यावर, चढणं मुश्किल, उत्तरेकडून मात्र पठार किल्ल्याला येऊन भिडते. इंग्रजांनी तेच हेरलं, त्यांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेला थांबला अन् त्याच्या जोडीच्या कर्नल स्टीव्हन्सननं डोंगरातून फिरून तोफा उत्तरेला ओढत नेल्या, १५ डिसेंबरला किल्ला पडला, दोनच दिवसांनी किल्ल्याचे मालक नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. कंटूर न पाहता हे लिहिलं तर नुसत्या तारखा राहतात.

दंतकथा वेगळ्या परिच्छेदात टाका, "म्हणतात" लावून. भीमानं कीचकाला इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा, ही गोष्ट गाळू नका, पण १८०३ च्या रांगेतही बसवू नका.

लोकांबद्दल लिहिताना "आदिवासी राहतात" एवढ्यावर भागवू नका. मेळघाटात मुख्य वस्ती कोरकूंची, त्यांची भाषा मराठीच्या नात्यातली नाही, ती मुंडा कुळातली, संथालीच्या घरची. 'कोर' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की अनेकवचन, म्हणजे कोरकू म्हणजे नुसतं 'माणसं'. पाड्यांची नावं पाटीवरून उतरवू नका, पाटी बरेचदा मराठी कानानं लिहिलेली असते. चहाच्या टपरीवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबाला नाव तीनदा म्हणायला लावा, फोनवर रेकॉर्ड करा अन् मगच लिहा. भाच्यानं तसं केलं, तर बाबा म्हणे आधी चहा सांग.